मुंबईतल्या वसंतफुलांचे फोटो: आधी झाड, मग वेळ, शेवटी फूल

फुलांचे फोटो कसे काढावेत हे शिकवणारे बहुतेक व्हिडिओ डॅफोडिल, ट्युलिप आणि चेरीच्या देशांतून येतात. त्यांत सांगितलेलं खोटं नसतं. डॅफोडिल फार तर गुडघ्याएवढं उंच. एका दांड्यावर बहुतेकदा एकच फूल, सहा पाकळ्या, मधोमध कर्णा आणि मान किंचित झुकलेली. जमिनीवर पालथं पडायचं, कॅमेरा फुलाच्या उंचीला आणायचा, मागचं सगळं धूसर करायचं, झालं काम. हाच धडा पाठ करून आपली मंडळी एप्रिलमध्ये बहाव्याखाली उभी राहतात आणि घरी आल्यावर विचारतात, प्रत्यक्षात एवढा सुंदर दिसणारा बहावा फोटोत नुसता पिवळा डाग का झाला?

मुंबईत वसंत जमिनीतून उगवत नाही, तो डोक्यावर असतो. फूल १५-२० फुटांवर, त्याच्या मागे पांढुरकं आकाश, नऊ वाजायच्या आतच कडक झालेलं ऊन, दुपारी समुद्रावरून येणारा वारा आणि खाली रांगेत लावलेल्या गाड्या. इथे कामाचा क्रमच बदलावा लागतो. आधी झाड ठरवायचं, मग वेळ, मग फुलाच्या मागे काय येणार ते, आणि फुलाकडे सगळ्यात शेवटी वळायचं. फोन वर करून थेट फुलावर झूम करणाऱ्याचा फोटो तिथेच हातातून जातो.

खाली सांगितलेलं फोनला आणि कॅमेऱ्याला दोन्हीकडे लागू आहे. फरक असेल तिथे वेगळं सांगितलं आहे.

टप्पा १: झाड निवडा

महिना चुकला तर बाकी सगळं वाया. मुंबईत साधारण क्रम असा: काटेसावर जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत. पळस, पांगारा, सोनसावर आणि गुलाबी ताबेबुया फेब्रुवारी-मार्चमध्ये. बहावा, ताम्हण, सोनमोहर आणि गुलमोहर एप्रिल-मेमध्ये, काही झाडं जूनपर्यंत. यात दोन-तीन आठवडे मागेपुढे होतातच. एकाच रस्त्यावरची दोन झाडंही एका दिवशी फुलत नाहीत.

जागा शोधताना लोक लगेच प्रसिद्ध ठिकाणांकडे धावतात. विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गालगत ताबेबुया फुलला की त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. भायखळ्याची राणीची बाग आहे, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनचा परिसर आहे. जरूर जा. पण पहिला चांगला फोटो तुमच्या घरापासून पाच मिनिटांवरच्या झाडाचा निघण्याची शक्यता जास्त, कारण तिथे तुम्ही उद्याही जाऊ शकता आणि परवाही. बहावा एकदम फुलत नाही. घोस वरून खाली उमलत जातो. वरची फुलं उघडलेली आणि टोकाला अजून गोल कळ्या, ही अवस्था फोटोसाठी सगळ्यात देखणी, आणि ती थोडेच दिवस टिकते. लांबच्या झाडाचे हे दिवस हाती लागणं कठीण.

झाड बघताना फुलांचा भरगच्चपणा बघू नका. या तीन गोष्टी बघा:

पहिली, एखादी तरी फांदी डोळ्यांच्या उंचीजवळ येते का? नसेल, तर तुम्हाला वर जाता येतं का? स्कायवॉक, पादचारी पूल, सोसायटीच्या जिन्याची पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची खिडकी. मुंबईकरांनी स्कायवॉकला कितीही नावं ठेवली तरी फुललेलं झाड त्याच्या उंचीवरून बघण्यासाठी त्याच्यासारखी जागा नाही.

दुसरी, फुलांच्या मागे काही गडद आहे का? सावलीतली जुनी इमारत, दाट वड, पर्जन्यवृक्षाचा पसारा, शेवाळलेली कंपाउंडची भिंत, काहीही चालेल. पांढरं आकाश तेवढं नको.

तिसरी, तिथे दहा मिनिटं निवांत उभं राहता येतं का?

सोसायटीच्या आवारातलं झाड असेल तर आदल्या दिवशीच वॉचमनशी बोलून ठेवा. "काका, उद्या सकाळी या बहाव्याचे फोटो काढायचेत, घरांकडे कॅमेरा नाही करणार," एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी काम होतं. न विचारता उभे राहिलात तर सेक्रेटरी खाली येतात आणि चांगला उजेड वादावादीत संपतो.

इशारा: द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी थांबवून फोटो काढू नका. विक्रोळीपर्यंत लोकलने जा, पूर्वेला उतरा आणि सर्व्हिस रोडच्या पदपथावरून काढा. ड्रोनचा विषय काढूच नका. मुंबईत परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

टप्पा २: फोटोत काय सांगायचं ते एका ओळीत लिहा

हा टप्पा बहुतेकजण वगळतात. फ्रेम कशी बसवायची, किती जवळ जायचं, काय कापायचं, हे सगळं याच ओळीवर ठरतं.

डॅफोडिलचंच बघा. गार देशांत हिवाळा सरताना ते उघड्या मातीतून वर येतं, म्हणून तिकडे ते नव्या सुरुवातीचं आणि आशेचं फूल मानलं जातं. वेल्सच्या लोकांचं ते राष्ट्रीय चिन्ह आहे. १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, ते कोटाला लावतात. ग्रीक पुराणकथेतला नार्सिसस पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर झुकला होता. डॅफोडिलचं शास्त्रीय नावही नार्सिससच आहे आणि फुलाची मानही झुकलेली. त्यामुळे तिकडचे फोटोग्राफर एकटं फूल घेतात, खालून घेतात, खाली थोडी माती किंवा दव दिसू देतात. त्या फुलाचा अर्थच त्या रचनेत उतरलेला असतो.

आपल्या झाडांचं म्हणणं वेगळं आहे. सावर आणि पळस पानं टाकून, उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतात. पळसाला पानं तीनच, पण ऐन बहरात बहुतेकदा तीही नसतात. काळसर वाकड्या फांद्या आणि त्यावर केशरी रंग, या विरोधातच पळस आहे. एका फुलाचा जवळून फोटो घेतलात तर फूल सुंदर येईल, पळस मात्र हरवेल. होळीचा रंग याच फुलांचा, त्यामुळे फाल्गुनातल्या फोटोला एक जास्तीचा अर्थही आपोआप चिकटतो. फांदी फ्रेममध्ये राहू द्या.

बहावा लोंबतो. त्याचे घोस फूटभर किंवा त्याहून लांब असतात, त्यामुळे फ्रेम उभीच हवी आणि घोसाच्या खाली मोकळी जागा हवी. केरळात विषूच्या, म्हणजे नववर्षाच्या, सकाळी देवापुढे हीच फुलं मांडतात. बहावा फुलला की पाऊस दीड-दोन महिन्यांवर आला, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. हा अर्थ पकडायचा असेल तर मेअखेरचा ढगाळ दिवस आणि पिवळा बहावा एकत्र घ्या. हा फोटो निळ्या आकाशावर जमत नाही.

सोनमोहराची गोष्ट झाडावर कमी आणि खाली जास्त असते. चुरगळलेल्या पाकळ्यांचा सडा फुटपाथवर, टॅक्सीच्या टपावर, रात्रभर उभ्या असलेल्या स्कूटरच्या सीटवर. इथे वर बघणाराच फसतो. ताम्हण तर राज्याचं फूल. ते ओळखू यायचं असेल तर पाकळीची झालरीसारखी कड दिसली पाहिजे, म्हणजे जवळ जावंच लागेल.

मग निघण्यापूर्वी फोनमध्ये एक वाक्य लिहा. "उघड्या फांदीवर पेटलेला पळस." "पावसाआधीचा बहावा." "टॅक्सीवरचा सोनमोहर." झाडाखाली गोंधळ उडाला की ते वाक्य वाचायचं.

तपासून बघा: वाक्यात फक्त "सुंदर फूल" असेल तर ते पुन्हा लिहा.

टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

बॅटरी, मोकळी मेमरी, लेन्स पुसायला सुती फडकं. फोनची लेन्स दिवसभर बोटांनी माखलेली असते आणि उजेडाकडे तोंड केलं की तेलकट धुकं दिसतं. निम्मे "सॉफ्ट" फोटो यातूनच येतात.

पांढऱ्या जाड कागदाचा किंवा थर्माकोलचा एक तुकडा घ्या. फुलाच्या सावलीतल्या बाजूला उजेड परतवायला तो पुरतो. कडक उन्हात जवळून फोटो काढायचा असेल तर बटर पेपर किंवा पांढरी छत्री फुलावर धरायची. कॅमेरा असेल तर ७० ते ३०० मिलिमीटरच्या आसपासची झूम लेन्स मॅक्रोपेक्षा (अगदी जवळून काढायच्या लेन्सपेक्षा) जास्त उपयोगी पडते, कारण आपली फुलं उंचावर आहेत. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चमक कापणारा फिल्टर, असेल तर घ्या. पाना-पाकळ्यांवरची चमक त्याने कमी होते, पण दीड ते दोन स्टॉप उजेडही जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हे लक्षात ठेवा. ट्रायपॉड घरी ठेवा. फांदी वाऱ्याने हलत असेल तर कॅमेरा स्थिर ठेवून उपयोग नाही, आणि शहरात ट्रायपॉड उघडला की कुठून तरी सुरक्षारक्षक येतोच.

इशारा: कॅमेरा रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका. एप्रिल-मेच्या दमट हवेत बाहेर काढताच लेन्सवर बाष्प धरतं आणि ते आपोआप जाईपर्यंत चांगला उजेड निघून जातो. ठेवलाच असेल तर बॅगेची चेन न उघडता, उठल्याबरोबर ती बाल्कनीत ठेवा.

टप्पा ४: वेळ ठरवा

सकाळ. संध्याकाळ दुसऱ्या क्रमांकावर, आणि बरीच मागे.

सकाळचं कारण नुसता उजेड नाही. दिवस चढला की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारभर राहतो. संध्याकाळचा उजेड सोनेरी असतो, पण घोस डोलत असतात. पहाटे हवा बहुतेक थांबलेली असते. सूर्य फेब्रुवारीत सात-सव्वासातला, मार्चअखेर साडेसहाच्या सुमारास आणि मेमध्ये सहाच्या आसपास उगवतो. त्यानंतरचा तास-दीड तास आपला. फेब्रुवारी-मार्चमधलं धुरकट वातावरण छातीला वाईट असलं तरी त्या वेळी ऊन गाळून येतं आणि पाकळीवर कडक सावली पडत नाही.

मेच्या मध्यावर, १५-१६ तारखेच्या सुमारास, मुंबईत भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. बहाव्याच्या बहराचे दिवस हेच. त्या काळात दहानंतर काढलेल्या बहाव्यात वरच्या पाकळ्या जळलेल्या आणि खालची बाजू काळी, हे ठरलेलं. दहा ते चार कॅमेरा बाहेर काढूच नका. अपवाद फक्त ढगाळ दिवसाचा.

फुलाचीही स्वतःची वेळ असते. सावरीचं फूल पहाटे ताजं असतं, मग मांसल पाकळ्या सैलावतात आणि अख्खं फूल धपकन खाली पडतं. मैना, बुलबुल, शिंजीर आणि कावळे तिच्या मधासाठी सकाळीच गर्दी करतात.

राणीच्या बागेत मात्र अडचण होते. तिकीट काढून आत जाईपर्यंत मऊ उजेड सरलेला असतो, त्यामुळे तिथे दाट सावलीतली झाडं निवडा किंवा ढगाळ दिवस गाठा. बाग बुधवारी बंद असते आणि राष्ट्रीय उद्यान सोमवारी. फुलझाडांची जवळून ओळख करून घ्यायची असेल तर बागेतलं महापालिकेचं पुष्पप्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरतं, पण तिथल्या गर्दीत शांतपणे फ्रेम लावण्याची अपेक्षा ठेवू नका.

टप्पा ५: फुलाआधी त्याच्या मागचं बघा

झाडाखाली पोचल्यावर फोन खिशातच राहू द्या. झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारा, आणि फुलांकडे न बघता त्यांच्या मागे काय येतंय ते बघत जा. केबलच्या वायरी, पाण्याच्या टाक्या, बॅनर, सोसायटीची पांढरी ट्यूबलाइट. जिथे हे सगळं गडद सावलीमागे लपेल ती जागा पक्की करा, आणि मगच त्या जागेवरून दिसणारा घोस निवडा. सगळ्यात सुंदर घोस वायरींसमोर असेल तर त्याला सोडून द्यायचं. हे जड जातं, पण दुसरा उपाय नाही.

मागे आकाशाशिवाय काहीच नसेल तर दोन मार्ग आहेत. दोन पावलं मागे जाऊन, जास्त झूम लावून बघा. झूम वाढला की मागचा दिसणारा भाग अरुंद होतो आणि एखादी लहानशी गडद भिंतही सगळी फ्रेम भरून काढते. नाहीतर उलट करा: सूर्य फुलाच्या मागे येईल असे उभे राहा. बहावा, ताबेबुया यांच्या पातळ पाकळ्यांतून उजेड आरपार येतो आणि शिरा दिसू लागतात. सूर्य मात्र फांदीआड लपवा. सावरीच्या जाड पाकळ्यांना हे तेवढं जमत नाही.

फोनवर दोनपट किंवा तीनपटची वेगळी लेन्स असेल तीच वापरा. बोटांनी चिमटा काढून वाढवलेला झूम म्हणजे कापलेला फोटो. आणि मागचं आपोआप धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद. बहाव्याचे लांब वाकडे पुंकेसर त्याला कळत नाहीत, तो ते अर्धे पुसतो आणि घोसाच्या कडा खरवडल्यागत दिसतात.

इशारा: वर बघा, पण फुलं सोडूनही बघा. मोठ्या सावरीवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. त्याखाली फ्लॅश नको, गडबड नको. एप्रिल-मेमध्ये कावळ्यांची घरटी असतात आणि घरट्याखाली रेंगाळणाऱ्याच्या डोक्यात टोच बसते.

टप्पा ६: पिवळा सांभाळा

डॅफोडिल असो, बहावा असो की सोनसावर, पिवळा रंग सगळ्यांना सारखाच फसवतो. त्याचं कारण एकदा समजून घ्या, म्हणजे आकडे पाठ करावे लागणार नाहीत.

कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असा तीन वाट्यांत उजेड मोजतो. पिवळ्या पाकळीत लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाही. त्यामुळे तिघांची सरासरी बरी दिसते आणि कॅमेऱ्याला वाटतं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, नीट आहे. प्रत्यक्षात लाल वाटा भरून वाहू लागलेला असतो. तो एकदा भरला की पाकळीवरच्या शिरा, सुरकुत्या, छोट्या सावल्या, सगळं सपाट होतं. पिवळा डाग होतो तो असा. नंतर एडिटिंगमध्ये तो परत येत नाही.

कॅमेऱ्यावर:

साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड दाखवणारा आलेख, पुरेसा नाही. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम सुरू करा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकतो का ते बघा. मागे गडद भिंत असेल तर कॅमेरा तिला उजळवायला जातो आणि फूल जाळतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग) उणे ०.७ पासून सुरू करा आणि लाल आलेख अजून भिंतीला टेकत असेल तर उणे १.३ पर्यंत खाली या. मागे पांढरं आकाश असेल तर नेमकं उलटं घडतं, कॅमेरा आकाशाला घाबरून फूल काळं करतो. तिथे अधिक ०.७ ते १ लागेल आणि आकाश पांढरं जाणार हे मान्य करावं लागेल. शक्यतो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा.

फोनवर:

सगळ्यात उजळ पाकळीवर बोट ठेवा आणि लॉक होईपर्यंत दाबून धरा. मग सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी खाली ओढा. किती? स्क्रीनवर पाकळीच्या शिरा दिसेपर्यंत. फोटो एकूण थोडा गडद वाटेल, वाटू द्या. "व्हिव्हिड" किंवा तत्सम रंग भडक करणारा मोड बंद ठेवा. उन्हात स्क्रीन आपोआप जास्तीत जास्त उजळ होतो आणि डोळ्यांना चुकीचा अंदाज देतो, म्हणून तपासताना सावलीत वळा.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचा रंग जुळवणारं सेटिंग. फ्रेम पिवळ्याने भरली की ऑटो सेटिंगला वाटतं, उजेडच पिवळा आहे. तो निळसरपणा मिसळतो आणि सोनेरी बहावा लिंबाच्या रंगाचा होतो. डेलाइट निवडा, आकडा देता येत असेल तर ५२०० केल्व्हिनच्या आसपास. दाट पानांच्या सावलीत पाकळ्यांवर हिरवी झाक चढते. तिथे पांढरा कागद फुलाजवळ धरून एक फोटो काढून ठेवा, घरी रंग त्यावरून दुरुस्त करता येतो.

पळस, पांगारा, गुलमोहर यांत लाल वाटा एकट्यानेच ओसंडतो, उपाय तोच. गुलाबी ताबेबुयाचं दुखणं वेगळं. तो इतका फिका असतो की पांढऱ्या आकाशावर विरघळूनच जातो. त्याला निळं आकाश किंवा इमारतीची सावली लागते, आणि रंग गडद करण्याच्या मोहात त्याचं बबलगम होऊ द्यायचं नाही.

तपासून बघा: पहिला फोटो काढल्यावर तो पूर्ण मोठा करून सगळ्यात उजळ पाकळी बघा. शिरा दिसत नसतील तर अजून खाली या. हे पहिल्याच फोटोला करायचं, शंभराव्याला नाही.

टप्पा ७: फोकस, वारा आणि संयम

बहाव्याच्या एका घोसात सगळं एका रेषेत नसतं. कॅमेरा घोसाला समांतर ठेवा, खालून वर तिरका नको. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ ते एफ/८ ठेवा, एफचा आकडा मोठा तितका जास्त भाग धारदार. एफ/२.८ वर एक फूल धारदार आणि बाकीचा घोस लोण्यात, हे एकदा बघायला बरं वाटतं. फोकस मधल्या उंचीच्या, पूर्ण उमललेल्या फुलावर, त्याच्या तीन लांब वळलेल्या पुंकेसरांवर. टोकाची कळी धारदार करून फुलं धूसर ठेवणं ही फार नेहमीची चूक आहे. ऑटोफोकस जवळ असलेलं पकडतो, म्हणून फोकसचा बिंदू स्वतः सरकवा.

शटर स्पीड किमान १/५०० सेकंद. पक्षी असेल तर १/१००० किंवा जास्त. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० लागला तरी चालेल. थोडे दाणे दिसले तरी फोटो वापरता येतो, हललेला फोटो टाकूनच द्यावा लागतो.

वारा सतत वाहत नाही, श्वास घेतो. झुळूक संपून घोस परत मधोमध येतो त्या क्षणी चार-पाच फोटोंचा सपाटा लावा. फांदी ओढून धरायला मित्राला सांगू नका. दाब पडला की फुलं गळतात, आणि फुलं गळून गेलेला घोस त्याच्यानंतर येणाऱ्या कुणाच्याच कामाचा नसतो. छाटणीचा तर प्रश्नच नाही. मुंबईत झाडाच्या फांद्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. पाकळ्यांवर स्प्रेने पाणी मारून दव दाखवणंही मला पटत नाही. मुंबईच्या मेमध्ये घाम दिसतो, दव नाही.

टप्पा ८: फोटोंचा क्रम

आधी लांबून, मग जवळून. जवळच्या फोटोने सुरुवात केली की माणूस त्यातच रमतो आणि उजेड गेल्यावर त्याला आठवतं की अख्ख्या झाडाचा फोटो राहिलाच.

१. पूर्ण झाड, त्याच्या रस्त्यासकट. फ्रेममध्ये एखादी माणसाची हालचाल असू द्या, म्हणजे झाडाची उंची कळते. दूधवाला, शाळेची रिक्षा, काहीही.

२. एक फांदी किंवा दोन-तीन घोस.

३. एकच घोस किंवा एक फूल.

४. खाली पडलेलं. सावरीची फुलं अख्खी पडतात, त्यामुळे जमिनीवरचा जवळचा फोटो इथे अगदी प्रामाणिकपणे मिळतो. डॅफोडिलसाठी शिकलेलं पालथं पडणं इथे कामी येतं. झाडूवाल्यांच्या आधी पोचा, एवढंच.

दुसऱ्या टप्प्यातलं वाक्य आता वाचा. चारपैकी एक फोटो त्या वाक्याला उत्तर देत असला पाहिजे. नसेल आणि उजेड अजून असेल, तर तोच एक पुन्हा काढा, बाकीचे पुरे झाले.

टप्पा ९: घरी आल्यावर

फोटो निवडताना लहान आकारात बघा. अंगठ्याएवढ्या चित्रात घोस वेगळा दिसत नसेल तर मोठ्या चित्रातही तो मागच्या गर्दीत हरवलेलाच असतो.

एडिटिंगमध्ये पहिली चूक सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवण्याची. पिवळा आधीच काठोकाठ असतो, तो वाढवला की पाकळीचे तपशील तुमच्याच हाताने पुसले जातात. त्याऐवजी फक्त पिवळ्या रंगाची उजळता थोडी खाली आणा, पाकळी भरीव दिसू लागेल. हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, कमी करा. हिरव्याचं सॅच्युरेशन किंचित उतरवा, म्हणजे काही न वाढवता पिवळा पुढे येतो. मग फोन बाजूला ठेवा आणि तासाभराने बघा. ताजा एडिट नेहमी भडक असतो.

फाइलला झाडाचं नाव, भाग आणि तारीख द्या. "बहावा, माटुंगा, २२ एप्रिल" अशी नोंद असली की पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे कधी बघायला लागायचं ते आधीच ठरलेलं असतं.

डॅफोडिलच काढायचं असेल तर

मुंबईच्या कुंडीत त्याचा कांदा लावून वाट बघू नका. फुलण्याआधी त्याला साधारण १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते, ती आपल्याकडे फक्त फ्रीजमध्ये असते. जवळची खात्रीची जागा श्रीनगरची. दल सरोवराजवळ झबरवानच्या पायथ्याशी २००७ साली सुरू झालेल्या ट्युलिप बागेत डॅफोडिलही लावतात. बाग मार्चअखेरपासून जेमतेम महिनाभर खुली असते.

तिथे एक्स्पोजरचे वरचे नियम तसेच लागू, फक्त एक भर: पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळा कर्णा असलेली जात असेल तर एक्स्पोजर पांढऱ्यासाठी लावा. समोरून काढलं की कर्णा चपटा होतो आणि फूल थाळीसारखं दिसतं. पाऊण बाजूने घ्या आणि फोकस कर्ण्याच्या पुढच्या कडेवर ठेवा. मान झुकलेली असते म्हणून कॅमेरा फुलाच्या थोडा खालीच हवा. ताटवे सोडून आत पाऊल टाकू नका, बाहेरून झूम वापरा. तुटलेल्या दांड्याचा चीक हाताला लागला तर हात धुवा. काहींच्या त्वचेला त्याने खाज सुटते आणि हे झाड कांद्यासकट विषारी आहे, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर फूल तोंडात जाणार नाही एवढं बघा.